आवडीचा सातबारा

"मला नक्की काय आवडतं तेच कळत नाही. मग पुढे काय करायचं ते ठरवू कसं?"

हा प्रश्न बारावीच्या निकालानंतरचा, असा आपला समज असतो. पण पस्तिशीत बँकेची नोकरी नकोशी झालेला माणूसही तो विचारतो, आणि मुलं हाताशी आल्यावर पुन्हा काम सुरू करू पाहणारी बाईही विचारते. विचारणाऱ्याचं वय बदलतं, मनातलं गृहीतक तेच राहतं. आवड नावाची वस्तू आपल्या आत कुठेतरी तयार ठेवलेली आहे, ती एकदा सापडली की बाकीचं आपोआप ठरेल, असं ते गृहीतक. मला ते घातक वाटतं. त्यापायी माणसं वर्षानुवर्षं आत डोकावत बसतात आणि बाहेर एक पाऊल टाकत नाहीत.

या प्रकरणात आपण दोन साधनं पाहणार आहोत: स्वतःविषयी लिहिलेली नोंद आणि दुसऱ्यांची आयुष्यं वाचण्याची एक विशिष्ट पद्धत. दोन्हींना पैसे लागत नाहीत, चिकाटी मात्र लागते.

१. बारा नंबरचा रकाना

ज्यांनी सातबाऱ्याचा उतारा पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल की गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाच्या नावावर आहे ते असतं आणि गाव नमुना बारामध्ये पीकपाहणीची नोंद असते. कोणत्या वर्षी, कोणत्या हंगामात, किती क्षेत्रावर कोणतं पीक होतं, हे तिथे लिहिलेलं असतं. ही जमीन कशाला चांगली, असं मालकाला विचारलं तर तो मनातलं पीक सांगेल. रकाना मात्र तिथे खरोखर काय घेतलं गेलं ते सांगतो. आवडीची चौकशीही या रकान्यातूनच करावी.

एक कागद घ्या. गेल्या दोन वर्षांत कोणी सांगितलं नसताना, मार्क किंवा पैसे मिळणार नसताना तुम्ही काय काय केलंत ते लिहा. "मला वाचन आवडतं" असं लिहू नका. कोणतं पुस्तक, कोणत्या महिन्यात, पुरं केलं की अर्ध्यात सोडलं, ते लिहा.

उदाहरण घेऊ. बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी म्हणते, "मला लोकांमध्ये काम करायला आवडतं." घरच्यांना वाटतं, हिने मार्केटिंगला जावं. तिची नोंद काय सांगते? गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचा जमाखर्च सलग तीन वर्षं तिने लिहिला, पावतीपुस्तकं जुळवली, सभेत हिशेब वाचून दाखवला. मैत्रिणींच्या सहलीचा खर्च कोणी कोणाला किती द्यायचा, हेही तीच काढते. मात्र याच मंडळाच्या वर्गणीसाठी दारोदार फिरायचं काम तिने पहिल्याच वर्षी दुसऱ्याला दिलं. म्हणजे तिला माणसं हवीत हे खरं, पण अनोळखी माणसाला पटवायचं काम नको आहे. विश्वासाने हिशेब सोपवणारी ओळखीची माणसं हवी आहेत. मार्केटिंगपेक्षा एखाद्या सहकारी पतसंस्थेचं किंवा लेखापरीक्षकाच्या कचेरीतलं काम तिला कितीतरी जवळचं. तिच्या तोंडच्या वाक्यात हे नव्हतं, नोंदीत होतं.

या रकान्याची एक मर्यादा लगेच सांगायला हवी. जे पेरायची संधी मिळाली तेच त्यात दिसतं. जिने कधी प्रयोगशाळा पाहिली नाही, तिच्या नोंदीत प्रयोग येणार कुठून? गावात वकील, तलाठी, शिक्षक आणि डॉक्टर एवढीच माणसं दिसत असतील तर मुलं त्या चारांतूनच निवडतात आणि तिला स्वतःची निवड म्हणतात. न पाहिलेली कामं पाहायची तर वाचनाशिवाय इतका स्वस्त रस्ता दुसरा नाही.

२. वाचलेलं कधी कामाला येतं?

१८३१ साली चार्ल्स डार्विन २२ वर्षांचा होता. वडिलांच्या इच्छेने त्याने एडिंबरोत वैद्यकीय शिक्षण सुरू करून सोडलं होतं. मग धर्मोपदेशक व्हावं म्हणून त्याला केंब्रिजला पाठवलं गेलं आणि तिथली पदवी त्याने घेतली. केंब्रिजमध्ये त्याच्या हाती जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट यांचं दक्षिण अमेरिकेच्या प्रवासाचं वर्णन पडलं. त्याने तो झपाटला, एवढंच सांगून अनेक जण पुढे जातात. मला त्यापुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. हुंबोल्टने वर्णन केलेल्या टेनेरिफ बेटावर जायचा बेत त्याने आखला, त्यासाठी स्पॅनिश शिकायला घेतली, आणि ऑगस्टमध्ये प्राध्यापक सेज्विक यांच्याबरोबर वेल्सच्या डोंगरांत जाऊन खडक वाचायला शिकला. टेनेरिफचा बेत बारगळला. पण २९ ऑगस्टला तो घरी परतला तेव्हा 'बीगल' जहाजावरून जगप्रवासाला जाण्याची विचारणा करणारं पत्र त्याची वाट पाहत होतं. पुस्तकाने त्याला स्वप्न दिलं हे खरं, पण त्या स्वप्नासाठी त्याने हातापायांना काम दिलं होतं, म्हणून ते पत्र आलं तेव्हा तो काही अंशी तयार होता.

दुसरं उदाहरण आपल्याकडचं. धोंडो केशव कर्वे १८९१ पासून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि पुढे तो हिंगण्याच्या माळावर नेला. १९०७ मध्ये महिला विद्यालय सुरू केलं. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईत भरणाऱ्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं आणि भाषणात काय मांडावं, याचा विचार सुरू झाला. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक छोटी पुस्तिका टपालाने त्यांच्याकडे आलेली होती. ती त्यांनी वाचली आणि आपल्याकडेही स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ हवं, ही कल्पना त्यांनी परिषदेत मांडली. पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, विद्यापीठ सुरू झालं. तेव्हा कर्व्यांना ५८ वर्षं पूर्ण झाली होती. आजचं श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ ते हेच.

ती पुस्तिका आणखी किती जणांच्या टेबलावर पडली असेल. कर्व्यांच्या हातात ती बोलली, कारण मुलींना पुढचं शिक्षण कोणत्या चौकटीत द्यायचं, हा प्रश्न ते वीस वर्षं वागवत होते. म्हणून मोठ्या निर्णयाच्या काळात जे वाचाल त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आपला प्रश्न लिहून ठेवा. "गावी परत जाऊन दूधधंदा करावा का?" असा रोखठोक. मग प्रवासवर्णन वाचा, चरित्र वाचा, कृषी मासिक वाचा. नजर बरोबर कामाच्या ओळीवर थांबते.

३. चरित्र अर्ध्यात बंद करा

चरित्रं वाचून निर्णय घेणाऱ्यांची एक फसगत ठरलेली असते. माणूस पुढे मोठा झाला हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. त्यामुळे त्याचा प्रत्येक निर्णय बरोबरच वाटतो, आणि त्याने नोकरी सोडली म्हणून आपणही सोडावी, असं वाटू लागतं. नोकरी सोडून काहीच न जमलेल्यांची चरित्रं कोणी लिहीत नाही.

यावर उपाय साधा आहे. निर्णयाच्या पानापर्यंत वाचा आणि पुस्तक बंद करा. त्या दिवशी त्या माणसाला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, ते लिहा. त्याच्या जागी आपण काय केलं असतं, तेही लिहा. मगच पान उलटा.

डार्विनवरच करून पाहू. पत्र आलं, पण वडिलांनी नकार दिला. नकार मात्र दार लावून घेणारा नव्हता. जाण्याचा सल्ला देणारा एक तरी शहाणा माणूस आणलास तर परवानगी देईन, असं ते म्हणाले. डार्विन मामाकडे गेला. मामा जोसाया वेजवुड. मामाला दाखवायला त्याने वडिलांच्या सगळ्या हरकती कागदावर उतरवल्या. त्या आठ होत्या: पुढे धर्मोपदेशक झाल्यावर हा प्रवास शोभणार नाही, बेतच अविचारी आहे, आधी इतरांना विचारून झालं असणार, त्यांनी नाकारलं म्हणजे त्यात काही खोट असणार, परत आल्यावर स्थिर आयुष्य जमणार नाही, जहाजावर राहण्याची सोय वाईट असेल, हा पुन्हा एकदा व्यवसाय बदलण्याचा प्रकार झाला, आणि यातून उपयोग काहीच नाही.

आता या हरकती नीट पाहा. सगळ्या एकाच जातीच्या नाहीत. जहाजावरची सोय कशी आहे, आधी कोणाला विचारलं होतं, या गोष्टी चौकशी करून कळण्याजोग्या आहेत. स्थिर आयुष्य जमेल का, हे भाकीत आहे. चौकशीने ते सुटत नाही, फक्त त्या मुलाचा स्वभाव ओळखणाऱ्याला अंदाज बांधता येतो. धर्मोपदेशकाला शोभेल का, ही लोकलाज आहे. आणि पुन्हा व्यवसाय बदलतोय, हा बापाचा जुना घाव आहे. मामाने आठही हरकतींना क्रमवार उत्तरं लिहिली आणि वडिलांनी दुसऱ्याच दिवशी नकार मागे घेतला. २७ डिसेंबर १८३१ ला 'बीगल'ने इंग्लंडचा किनारा सोडला.

आपल्या घरांत "बाबा नाही म्हणतात" यावर चर्चा संपते. बाबा नेमकं कशाकशाला नाही म्हणतात, हे लिहून काढायला बसा. शक्यतो त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच समोर. फॅशन डिझाइनला जाऊ इच्छिणाऱ्या मुलीच्या घरी बसून मी अशी यादी होताना पाहिली आहे. पहिल्या चार हरकती फी, वसतिगृह, प्रवास आणि नोकरी यांच्या होत्या. पाचवी लिहायच्या आधी वडील बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तू तिकडे गेलीस की परत यायची नाहीस." खरा पेच तो होता. आधीच्या चारांना कितीही माहितीपत्रकं दाखवली असती तरी पाचवी तशीच राहिली असती. आणि घरात वाद घालणाऱ्यांना मामा, आत्या, जुने मुख्याध्यापक अशा मधल्या माणसाचं किती मोल आहे, तेही याच प्रसंगातून शिकावं. तो माणूस दोन्ही बाजूंचा असावा लागतो.

४. दोन रकान्यांचा कागद

घरचे तयार आहेत, पर्यायही दोनच आहेत, पण मन ठरत नाही. तेव्हा काय करायचं?

१७७२ मध्ये इंग्लंडमधल्या जोसेफ प्रीस्टली या विद्वानासमोर असाच प्रश्न होता. लॉर्ड शेलबर्न या सरदाराने त्याला आपल्याकडे नोकरी देऊ केली होती. त्याने बेंजामिन फ्रँकलिनचा सल्ला मागितला. फ्रँकलिनने १९ सप्टेंबरला उत्तर धाडलं. काय ठरवावं ते मी सांगू शकत नाही, कसं ठरवावं ते सांगतो, असा त्याचा सूर होता. पद्धत अशी: कागदावर मधोमध रेघ मारायची. एका बाजूला अनुकूल, दुसऱ्या बाजूला प्रतिकूल. एका बैठकीत पुरं करायचं नाही. तीन-चार दिवस जे जे सुचेल ते टिपायचं, कारण सगळी कारणं एकाच वेळी मनापुढे येत नाहीत. मग वजनाने सारख्या गोष्टी दोन्ही बाजूंनी खोडायच्या. एकीकडचं एक कारण दुसरीकडच्या दोनांइतकं भारी असेल तर तिन्ही खोडायची. शेवटी काय उरतं ते पाहायचं, एक-दोन दिवस थांबायचं आणि ठरवायचं.

करून बघू. नाशिकला घरी राहून नोकरी करणाऱ्या मुलीला पुण्यात नोकरी मिळते आहे. अनुकूल बाजू: पगार महिना १२,००० रुपये जास्त, हवं ते काम शिकायला मिळणार. प्रतिकूल बाजू: खोली आणि मेसचे मिळून ११,००० रुपये; मार्चमध्ये आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन. पगार आणि राहण्याचा खर्च एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात, दोन्ही खोडा. सगळ्या घरात गाजणारं "पगारवाढ" हे कारण कागदावरून गेलंच! उरलं शिकणं विरुद्ध आईचं ऑपरेशन. आणि ऑपरेशन ही कायमची गोष्ट नाही, दोन महिन्यांची आहे. आता खरा प्रश्न दिसतो: मेमध्ये रुजू होऊ का, असं कंपनीला विचारता येईल का? कागदाने उत्तर दिलं नाही, प्रश्न बदलून दिला. माझ्या मते या पद्धतीची खरी किंमत इथे आहे.

प्रीस्टलीने ती नोकरी घेतली. तिथे त्याला प्रयोगांना सवड मिळाली आणि १ ऑगस्ट १७७४ ला, सरदाराच्या वाड्यातल्या प्रयोगशाळेत, आज आपण ज्याला ऑक्सिजन म्हणतो तो वायू त्याने वेगळा केला.

आणि कागद समसमान निघाला तर? अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेव्हिट याने अशाच अडलेल्या लोकांसाठी एक संकेतस्थळ काढलं होतं. नोकरी सोडू का, नातं तोडू का, अशा प्रश्नांवर तिथे नाणं उडवलं जाई. वीस हजारांहून जास्त वेळा नाणी उडाली. सहा महिन्यांनी विचारल्यावर, मोठ्या प्रश्नांत बदल केलेली माणसं "आहे ते बरं" म्हणून थांबलेल्यांपेक्षा जास्त समाधानी आढळली. ही माणसं आपणहून तिथे आलेली होती, त्यामुळे निष्कर्ष सरसकट सगळ्यांना लावू नये. पण खरोखरच काट्यावर अडलेल्या माणसाची सवय आहे तिथेच राहण्याकडे झुकते, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

५. घातलेली वर्षं

पुण्यात सदाशिव पेठेत, नव्या पेठेत, शास्त्री रोडच्या आसपास स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांच्या अभ्यासिकांच्या रांगा आहेत. आत गेलं की प्रत्येकाचं टेबल ठरलेलं. समोर चिकटवलेलं वेळापत्रक, पाण्याची बाटली, चालू घडामोडींची मासिकं, खाली चपलांशेजारी डबा. गावाकडून दुधाच्या बिलातून पैसे येतात. एखाद्याची पोस्ट निघाली की सगळी अभ्यासिका चहाला जाते. इथल्या पाचव्या-सहाव्या वर्षातल्या मुलाला "पुढे काय?" विचारा, तो म्हणेल, "एवढी वर्षं घातली, आता कसं सोडू?"

या वाक्यामागे मनाची एक जुनी खोड आहे. १९८५ मध्ये हाल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर या संशोधकांनी तिच्यावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या नाट्यगृहाची हंगामभराची तिकिटं घेणाऱ्यांपैकी काहींना चिठ्ठी काढावी तशी, कसलीही निवड न करता, सवलत दिली. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. तरी हंगामाच्या पहिल्या अर्ध्या काळात पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त नाटकांना आले. पैसे तर दोघांचेही गेलेलेच होते. गेलेल्या पैशाकडे बघून आजची संध्याकाळ ठरत होती.

म्हणून त्या मुलाने प्रश्न असा मांडावा: मी आज पहिल्यांदाच या दारात उभा आहे. माझं वय हे, माझे मागचे गुण हे, घरची स्थिती ही. पुढची दोन वर्षं मी यात घालीन का? इथे मागची वर्षं खर्च म्हणून मोजायची नाहीत, पुरावा म्हणून वाचायची. पूर्वपरीक्षेतलं कट-ऑफपासूनचं अंतर दर वर्षी कमी होत आलं असेल तर "हो" हे उत्तर धीराने देता येईल. ते अंतर तीन वर्षं तसंच असेल तर अभ्यासाची पद्धत किंवा वाट, काहीतरी बदलायला हवं. आणि थांबण्याची अट निकालाच्या आधी, शांत असताना, लिहून घरी वाचून दाखवावी: "या वेळी मुख्य परीक्षेपर्यंत पोचलो नाही तर जूनपासून काम शोधायला लागेन." निकालाच्या रात्री कोणालाच नीट अट घालता येत नाही. राज्यघटना, अर्थव्यवस्था, भूगोल यांचा या मुलांचा अभ्यास पाहिला की मला वाटतं, आपल्या शाळांना, स्थानिक वृत्तपत्रांना, ग्रामपंचायतींबरोबर काम करणाऱ्या संस्थांना अशी माणसं हवी आहेत. ती वर्षं वाया गेली असं त्यांना सांगणाऱ्या नातेवाइकांचं बोलणं मनावर घेऊ नये.

६. सेरामपूरचे सहा प्रश्न

आता मला सगळ्यात मोलाचं वाटणारं उदाहरण. २४ फेब्रुवारी १८८३. कोलकात्याजवळच्या सेरामपूरच्या कॉलेजात एक मराठी मुलगी भाषणाला उभी राहिली. वय १७. पती गोपाळराव टपाल खात्यात, त्यांची तिथे बदली झालेली. आनंदीबाई जोशी डॉक्टर होण्यासाठी एकट्या अमेरिकेला निघाल्या आहेत हे कळल्यापासून लोकांत चर्चा चालू होती. आनंदीबाईंनी लोकांचे आक्षेप स्वतःच सहा प्रश्नांत मांडले आणि एकेकाला उत्तर दिलं.

मी अमेरिकेला का जाते? हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का? मी एकटी का जाते? परत आल्यावर मला जातीबाहेर टाकणार नाहीत का? संकट आलं तर काय करीन? आजवर कोणा बाईने केलं नाही ते मी का करावं?

क्रम लक्षात घ्या. पहिला प्रश्न हेतूचा. दुसरा पर्यायांचा, आणि इथे त्यांनी इथल्या शिक्षणाच्या सोयींचा हिशेब मांडून त्या आपल्याला का पुरत नाहीत ते सांगितलं. शिकायला जाताना रस्त्यात होणारी छळवणूकही सांगितली. तिसरा परिस्थितीचा, गोपाळरावांवर घरच्या माणसांचा भार होता. चौथा समाजात मोजायच्या किमतीचा: हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन, पोशाख आणि आहार बदलणार नाही, असं त्यांचं उत्तर होतं. पाचवा वाईटात वाईट काय होईल, याचा. सहावा कर्तव्याचा. आजच्या करिअर सल्लागाराच्या कोणत्याही छापील प्रश्नावलीत मला याहून पुरा संच आढळलेला नाही. विशेषतः चौथा आणि पाचवा प्रश्न आपण टाळतो, कारण ते विचारले की घाबरून पाय मागे येईल असं वाटतं. ज्याने किंमत आधी मोजली आहे तो ती चुकवायची वेळ आल्यावर कमी डगमगतो. आनंदीबाईंनी ती भर सभेत उभं राहून मोजली होती.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. एप्रिलमध्ये त्या जहाजावर चढल्या, ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही झाली. पण क्षयाने गाठलं होतं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या वारल्या, वयाला २२ वर्षंही पुरी झाली नव्हती.

मग त्यांचा निर्णय चुकला का? १९८८ मध्ये जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी या संशोधकांनी लोकांना एका शस्त्रक्रियेच्या निर्णयाची हकिगत वाचायला दिली. माहिती तीच, धोका तेवढाच. फक्त शेवट काहींना चांगला, काहींना वाईट सांगितला. शेवट चांगला वाचलेल्यांनी निर्णयाला जास्त शहाणा ठरवलं. निकालाचा रंग आपण मागे जाऊन निर्णयाला फासतो. आनंदीबाईंच्या निर्णयाचं मोल करायचं तर सेरामपूरच्या त्या दिवसापर्यंतच वाचावं आणि पुस्तक बंद करावं. हेतू स्वच्छ होता, पर्याय तपासलेले होते, किंमत ठाऊक होती. याहून चांगला निर्णय मला माहीत नाही. आणि ज्यांचा नीट विचारपूर्वक काढलेला धंदा बसला, त्यांनी स्वतःला मूर्ख म्हणण्याआधी हे प्रकरण एकदा वाचावं, अशी माझी मनापासून विनंती आहे.

७. तारीख घालून लिहा

"मला आधीपासूनच वाटत होतं" हे वाक्य आपण किती सहज म्हणतो. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि रशियाला जाणार होते, तेव्हा बारूक फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी काही विद्यार्थ्यांना, या भेटींत काय काय घडण्याची किती शक्यता वाटते ते विचारून ठेवलं. नंतर त्यांनाच विचारलं, तुम्ही तेव्हा काय अंदाज दिला होता? जे घडलं त्याची शक्यता आपण जास्तच सांगितली होती, असं अनेकांना "आठवत" होतं. आठवण निकालाप्रमाणे स्वतःला दुरुस्त करते आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून आत्मपरीक्षण नुसत्या आठवणीवर करता येत नाही.

मोठा निर्णय घेताना एक पान लिहा. वर तारीख. काय निवडलं, काय सोडलं, का. एका वर्षाने काय झालेलं असेल अशी अपेक्षा आहे. आणि त्या दिवशी झोप नीट झाली होती का, कोणावर राग होता का, तेही. कारण साहेबाशी भांडण झालेल्या आठवड्यातले राजीनामे वेगळे असतात. पान पाकिटात घालून ठेवा, वर्षाने उघडा. अशी तीन-चार पानं जमली की त्यांतून तुमचा स्वतःचा कल दिसू लागतो: कोणी पगाराला नेहमी जास्त वजन देतो, कोणी माणसांबद्दलचे अंदाज दर वेळी चुकवतो.

आपण बदलतो, हेही या पानांत दिसतं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १८ ते ६८ वयाच्या १९,००० हून अधिक लोकांना विचारलं होतं. मागच्या दहा वर्षांत आपण बरेच बदललो, हे सगळ्या वयाच्या लोकांनी मान्य केलं. पुढच्या दहा वर्षांत मात्र फारसं बदलणार नाही, असंही त्याच वयाच्या लोकांना वाटत होतं. तेव्हा विशीतली निवड जन्मभराची मानून स्वतःवर ओझं घेऊ नका.

८. कोणाला विचारावं?

जे काम निवडायचा विचार आहे, त्यात शिखरावर पोचलेल्याला विचारू नका. त्याला सुरुवातीचे दिवस आता गोड आठवतात. तिथे येऊन दोन-तीन वर्षं झालेल्याला गाठा. "हे क्षेत्र कसं आहे?" विचारलंत तर "चांगलं आहे, पण मेहनत पाहिजे" एवढंच मिळेल. त्यापेक्षा विचारा: गेल्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता तुम्ही काय करत होता? महिन्याचा सगळ्यात कंटाळवाणा दिवस कोणता? तुमच्याबरोबर लागलेल्यांपैकी कोण सोडून गेलं आणि ते आता काय करतात? त्यांचा नंबर मिळेल का?

आणि शेवटी हे विचारा: यातलं कोणतं काम दुसऱ्यावर ढकलता आलं तर आजच ढकलाल? पशुवैद्य म्हणेल, रात्री-अपरात्री वाड्यावस्त्यांवर जाणं. पत्रकार म्हणेल, सभांची टिपणं घेणं. वकील म्हणेल, कोर्टात तारखेसाठी ताटकळणं. ते काम नव्या माणसावरच ढकललं जातं, म्हणजे पहिली काही वर्षं ते तुमच्याच वाट्याला येणार. नेमकं तेच काम, सुट्टीत, बिनपगारी, आठवडाभर करू द्याल का, असं त्यांना विचारा. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात.